राखलेलं पाणी

"त्याच्या बाटलीत पाणी होतं. मग माझा भाऊ तहानेनं मेला कसा?"

दस्तगीरबाबा झोपडीच्या सावलीत बसून बुटातली वाळू झाडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बोला की!"

"तू हैबतीचा धाकटा. मायाप्पा."

"माझं नाव राहू द्या. उत्तर द्या."

बाबा मूळचे मिरजेचे. फौजेतून सुटले आणि इथं थरच्या वाळवंटातच राहिले. पोरांना लांब पल्ल्याचं पळणं शिकवायचे. इथली शर्यत कित्येक दिवस चालते. खाणं, अंथरूण, सगळं आपल्याच पाठीवर. पाणी तेवढं ठरलेल्या ठाण्यावर मोजून मिळतं. दुसऱ्याची मदत घेतली की बाद.

माझा दादा बाबांचं नाव ऐकून जतहून इथं आला होता. परत आला तो झाकलेला. सोबत त्याची पिशवी आणि ही बाटली. अर्धी भरलेली.

त्याचे दिवस घातले आणि मी थेट इकडं आलो. तो जिथं पडला तिथून झोपडीपर्यंत त्याची राहिलेली वाट चाललो. ऐन उन्हात. बाटली हातात धरून.

दारात शमीचं झाड होतं. सगळीकडं जळकी वाळू आणि हे एकटंच हिरवंगार. बाबांच्या पोरांची रीत दादानंच मला फोनवर सांगितली होती. शर्यत संपली की बाटलीत राखलेलं पाणी या झाडाच्या बुडाशी ओतायचं. ज्याचं पाणी जास्त, तो जास्त कणखर.

दादाला सगळ्यांत जास्त ओतायचं होतं.

"तुमचं झाड हिरवं आहे, बाबा. आमची आई वाळून गेली."

बाबांनी बूट खाली ठेवला.

"ही रीत कुणी काढली?"

"पहिल्या पोरानं आपल्या मनानं ओतलं. मी त्याची पाठ थोपटली."

"मग पुढच्यांना तुम्ही नको का म्हणाला नाही?"

बाबा दुसऱ्या बुटातली वाळू झाडू लागले.

"थेरड्या, तुला विचारतोय!"

बापाच्या वयाच्या माणसाला मी अरेतुरे केलं. जीभ टाळ्याला चिकटली होती, तरी शब्द निघाला.

बाबा उठले. माठातून तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढं धरला.

मी तांब्याला फटका मारला. तो लांब जाऊन पडला. वाळूनं पाणी बघता बघता पिऊन टाकलं.

"तुझ्या घरचं पाणी? मरेन, पण पिणार नाही."

"हैबतीही असाच तापट होता. तांब्या मात्र कधी फेकला नाही त्यानं."

"थट्टा करतोस?"

"नाही रे."

"मग ऐक. त्याचं पाणी ओतायला आलोय मी. त्याचं राहिलेलं काम. ते झालं की हे झाड उपटणार. मुळासकट."

बाबांनी वाट सोडली.

मी झाडापाशी गेलो. झाकण काढलं. डोळ्यांपुढं एका झाडाची दोन झाडं झाली. गुडघे कधी टेकले ते कळलं नाही. वाळूचा चटका बसला तेव्हा समजलं.

बाटली कलती केली, तर खाली बाबांचा तळहात आला.

"उपट झाड. आधी पी."

"हात काढ."

"ओठ फुटलेत तुझे. रक्त आलंय."

"येऊ दे."

"हातात पाणी आहे, मायाप्पा."

"हे दादाचं आहे!"

"आणि तो काय म्हणाला असेल? हे झाडाचं आहे, असंच ना?"

मी झाडाकडं बघितलं…

वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

"त्याला का सांगितलं नाहीस?" मी ओरडलो. म्हणजे ओरडायला गेलो, आवाज फुटलाच नाही. "मला सांगतोयस, त्याला का नाही सांगितलंस?"

बाबांनी तळहात काढला नाही.

मला तो हात मोडायचा होता. खरंच मोडायचा होता.

मी बाटली तोंडाला लावली.

गरम पाणी. प्लास्टिकच्या वासाचं. दादाच्या तोंडचं. घोट घेत होतो, रडत होतो, शिव्या देत होतो. बाबांना, झाडाला, दादाला. दादाला सगळ्यांत जास्त. एवढं पाणी जवळ असून मेलास, गाढवा. एवढं पाणी जवळ असून.

तळाशी एक घोट उरला.

माझा हात आपोआप झाडाकडं गेला.

"तोही पी," बाबा म्हणाले.