कवडीचे दान

दान म्हणजे समोरच्याने आपणहून दिलेले. कवडी टाकल्यावर जे पडते, त्यालाही दानच म्हणतात; ते मागून घेतले, की त्याची भीक होते.

जनावरे शाळेत जात, त्या काळी बगळेगुरुजी संभाव्यता कृतीतून शिकवीत. प्रत्येकाने कवडी शंभरदा उडवायची आणि ती किती वेळा उताणी पडली, ते वहीत लिहायचे. उत्तर पन्नास, हे गुरुजींनी फळ्यावर आधीच लिहून ठेवले होते.

झुमकी खारीची कवडी अडतीसदा उताणी पडली.

"पुन्हा उडव," गुरुजी म्हणाले.

या खेपेस एकेचाळीस.

"गुरुजी, हिची पाठ फुगीर आणि पोट सपाट. दोन्ही बाजू सारख्या कशा पडतील?"

"कवडीला अक्कल नाही, तुला तरी आहे ना? उद्या तपासनीस येताहेत. पन्नास लिही, नाहीतर पुढच्या वर्षीही याच वर्गात बस!"

शेजारचा ससा कुजबुजला, "वेडे, मी तर कवडी उडवलीच नाही!"

झुमकीने एकेचाळीसच लिहिले.

दुसऱ्या दिवशी तपासनीस कासवरावांनी चाळीस वह्या पाहिल्या. एकोणचाळीस वह्यांत पन्नास होते. "वा! काय ही अचूकता!" म्हणून त्यांनी गुरुजींना शाल पांघरवली.

कासवरावांनी झुमकीचे सत्य ओळखून तिला बक्षीस दिले, असे हल्ली सांगतात. ते चूक आहे. झुमकीला त्याच वर्गात बसवले. तिथे ती अजून फळ्याकडे पाठ करून कवडी उडवते, आणि पडेल ते दान लिहिते.