ज्याने चारा दिला

त्या माळरानावर एकच कायदा होता, आणि तो चांगला होता. ज्याच्यामुळे कुणाला इजा होईल, त्याने ते जनावर पुन्हा चालू लागेपर्यंत त्याला पोसायचे.

एका वर्षी रेवणी नावाची हरणी पाणवठ्याच्या वाटेवरच्या खड्ड्यात पडली आणि तिचा मागचा पाय मोडला. कशीबशी वर आली, ती काठावरच पडून राहिली. खड्डा रानडुकरांनी खणला होता. डुकरे म्हणाली, "खणला खरा, पण मुखियांच्या हुकमावरून." मुखिया गवा होता. तो म्हणाला, "पाणी साठवायला खणा म्हटलं होतं. उघडा टाका असं नव्हतं म्हटलं." पंचायत बसली, उठली, पुन्हा बसली.

तोवर रेवणीला चारा कुणी द्यायचा, हे कुणी विचारले नाही. देईल तो दोषी, असे सगळ्यांच्या मनात बसले होते. डुकरेही तिच्याकडे न बघता जात.

भुरी म्हैस त्या दिवसांत नदीपलीकडे चरायला गेली होती. परतल्यावर पाणवठ्याकडे जाताना तिला रेवणी दिसली.

"बघू नकोस," बरोबरची म्हैस म्हणाली. "देशील तर अडकशील."

भुरीने मान फिरवली आणि ती पुढे गेली. पण पाणवठ्यावर ती दोन घोट पिऊनच थांबली. रेवणीने काही मागितले नव्हते, हेच तिला डाचत होते. येताना तिने ओल्या लव्हाळ्याचा घास तोंडात धरून आणला आणि रेवणीपुढे टाकला. मग ती रोजच आणू लागली.

पंचायतीचे काम एकदम सोपे झाले. "इजा करणाऱ्याने पोसायचं," गवा म्हणाला. "पोसतंय कोण? भुरी. मग आणखी काय शोधायचं?" माना डोलल्या, सगळ्यांत आधी डुकरांच्या.

निकाल ऐकून रेवणी कळवळली. "मी सांगते त्यांना. तू तर इथं नव्हतीसच."

"सांग की. मी सुटेन," भुरी म्हणाली. "आणि उद्या घास आणला तर विचारतील, दोषी नाहीस तर आणतेस कशाला?"

रेवणीने पंचायतीला सांगायचा विचार सोडला. तिने तरीही सांगावे, असे भुरीला आतून वाटत होते. ते तिने बोलून दाखवले नाही.

पाय जुळला, पण वाकडा. रेवणी चालू लागली तशी पंचायत सगळे विसरली. खड्डा कुणी बुजवला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच खड्ड्याच्या काठी एक ससा जायबंदी होऊन पडला. थोड्याच दिवसांत पाणवठ्याची वाट बदलली. सशाला लांबून वळसा घालणारी नवी वाट खुरांनी मळली आणि जुनीवर धूळ बसली. त्या धुळीत सशापर्यंत गेलेले दोनच माग होते. एक जड, रुंद खुरांचा. दुसरा हलका: तीन खूर नीट उमटलेले, आणि चौथ्याची नुसती फरफटलेली रेघ.