कांदळवेळची आवडूबाय

फार मागची गोष्ट आहे. घाटावरची माणसं हवापालटासाठी गलबतानं कोकणात उतरत, तेव्हाची. कांदळवेळ गावात आवडूबाय नावाची एक विधवा राहायची. खडकावर बसून गळ टाकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती पाण्याचा नुसता वास घेऊन खाली कुठला मासा फिरतोय ते सांगायची, असं म्हणतात.

पाहुणे तिच्याकडे शिकायला येत. ती ताजी कोळंबी गळाला कशी लावायची ते दाखवी आणि बजावून सांगे, "पाण्याक पाठ दाखवू नको. दोरी हाताक गुंडाळू नको. कातळ ओली दिसली तर थयसर बसू नको, लाट थयपर्यंत येऊन गेली हा. आणि भरती लागली की ऊठ. गळाक मासो आसलो तरी ऊठ."

एका वर्षी व्यंकटराव नावाचे एक मास्तर बायकोला घेऊन आले. मोठ्या दुखण्यातून उठले होते. महिनाभर रोज खडकावर बसले, पण एक मासा लागला नाही. शेवटच्या दिवशी दुपारी भरती लागली आणि आवडूबायनं त्यांना उठायला सांगितलं.

"बाय, एकदाच टाकू द्या. उद्या आमचं गलबत आहे."

तिला त्या वाळलेल्या चेहऱ्याची दया आली. "बरां, एकदाच," ती म्हणाली.

आणि मासा लागला. पुरुषभर लांबीची तांबोशी होती, असं म्हणतात. ती सुटू नये म्हणून मास्तरांनी दोरी मनगटाला गुंडाळली. तेवढ्यात मोठी लाट आली. लाट ओसरली तेव्हा खडक रिकामा होता.

आवडूबायनं त्याच क्षणी उडी घेतली. तिसऱ्या दिवशी ओहोटीला ती समुद्रातून चालत बाहेर आली. मास्तरांचा देह खांद्यावर घेऊन. तिचे केस पांढरे झाले होते.

मास्तरांच्या बायकोनं एवढंच विचारलं, "तुम्ही त्यांना उठवलं का नाही?"

 त्यानंतर आवडूबायनं गळ हातात धरला नाही. भरती लागली की ती खडकाखडकावरून ओरडत फिरे, "उठा रे, पाणी भरता!" आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत हलत नसे.

अशी वीस वर्षं गेली. मग एका फाल्गुनात, भर दुपारी, कुणी पाहिलं नव्हतं असं उधाण आलं. त्या दिवशी तिची हाक तीन गावांत ऐकू गेली, असं म्हणतात. किनाऱ्यावरचं झाडून सगळं माणूस उठून वर धावलं. वर डोकी मोजली, तेव्हा एकटी आवडूबाय कमी भरली. समुद्रानं तिला परत दिलं नाही.

आजही कांदळवेळात भरती लागताना पाळीनं एका घरची बाई खडकावर जाते आणि हाक देते. पाहुणे कधी हसतात, पण उठतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं. तरीही ती जाते. रिकाम्या खडकांना हाक देते, एका माणसाला उठायला लागेल तेवढा वेळ थांबते, आणि मग घरी येते.