घंटेची पाटी

एकदा एक घंटा गुन्हेगार ठरली. गावच्या चावडीपुढे ती टांगलेली असे. कोणावर अन्याय झाला की त्याने दोर ओढावा आणि गावाने हातचे काम टाकून जमावे, अशी रीत होती. सुभेदाराने तळ्याच्या पाटाचे दार बंद करून सारे पाणी आपल्या बागेत वळवले, तेव्हा ती तीनदा वाजली. तिसऱ्या खेपेला सुभेदाराने गावच्या वृद्ध ओताऱ्याला बोलावले. "ही घंटा वितळव आणि तिची पाटी ओत. तिच्यावर माझे नाव हवे."

ओताऱ्याने मान तुकवली. एवढेच विचारले, "सरकार, पाटी भिंतीत बसवायची की टांगायची?"

"टांग की! बागेच्या दारातच टांग. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे."

ओताऱ्याची एक तरुण शिष्या होती. साचे लिंपण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. तिच्या आईचा भाजीचा मळा पाण्यावाचून करपत चालला होता आणि तिसऱ्यांदा दोर या शिष्येनेच ओढला होता. गुरूची तुकलेली मान पाहून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तात्या, लोक म्हणतात, तुम्ही वाकलात. मी त्यांना काय सांगू?"

"साचा लिंप," वृद्ध म्हणाला.

तिने साचा लिंपला, पण जाणूनबुजून पुरता भाजला नाही. ओल्या साच्यात तप्त रस पडला की काय होते, हे ओताऱ्याच्या घरच्या मांजरालाही ठाऊक असते. साचा फुटावा आणि सुभेदाराचे नाव मातीत जावे, असा तिचा बेत होता.

दुसऱ्या दिवशी घंटेचे तुकडे मुशीत वितळले. भट्टीशेजारी साचा तापत होता. ओतण्यापूर्वी वृद्धाने एक गार लोखंडी पळी त्याच्या तोंडावर धरली. पळीवर पाण्याचे थेंब जमले. त्याने शिष्येकडे पाहिले, साचा निखाऱ्यांत सरकवला आणि तिला जवळ बसवले.

"पोरी, घट्ट धातूचे कण एकमेकांना धरून असतात. जागच्या जागी थरथरतात, पण जागा सोडत नाहीत. आच वाढली की थरथर वाढते आणि पकड सैल होते. हा रस बघ. यात कण एकमेकांवरून घसरतात, मिळेल तो आकार घेतात, पण सोबत सोडत नाहीत. तू ठेवलेल्या ओलीचे मात्र निराळे. रस पडताच तिची वाफ होते. वाफेचा कण न् कण सुटा, सैरावैरा धावणारा. त्यांना शेकडो पट जागा लागते, ती मिळेना की भिंती फोडतात. साचा फुटला असता, पण इथे. भाता ओढणाऱ्याचे डोळे गेले असते, माझे हात गेले असते. सुभेदार आपल्या बागेत पेरू खात बसला असता."

तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तरी चीड गेली नव्हती. "मग काय, वाकायचे?"

"वाकले कोण? या रसात नाद देणाऱ्या कथलाचा कण कमी नाही की नाद मारणाऱ्या शिशाचा कण जास्त नाही. जी घंटा होती, तीच आहे. आणि पाटी टांगायची आहे, हे सरकारांच्याच तोंडून आले!"

साचा कोरडा ठणठणीत झाल्यावर तिनेच रस ओतला.

बागेच्या दारात पाटी चढली. सुभेदार आपले नाव डोळे भरून पाहत होता, तेवढ्यात शिष्या पुढे झाली आणि तिने लाकडी मोगरीचा एक सणसणीत ठोका दिला. आवाज जुन्या घंटेहून थोडा रुंद होता, पण गावाने तो ओळखला. लोक हातचे काम टाकून निघाले. पहारेकऱ्याने पाटी कवटाळून आवाज दाबला, तोवर दारासमोर उभे राहायला जागा उरली नव्हती.

"पाटाचे दार उघडा," शिष्या म्हणाली. तिच्या मागे सारा गाव तेच म्हणाला.

"वितळव ती पाटी! आत्ताच्या आत्ता!" सुभेदार ओताऱ्यावर खेकसला.

"वितळवतो, सरकार," वृद्ध हात जोडून म्हणाला. "या खेपेला काय ओतू?"

 सुभेदाराने समोरच्या गर्दीकडे पाहिले, मग पाटीकडे, आणि पाटाचे दार उघडायला माणूस धाडला. संध्याकाळी आईच्या मळ्यात पाणी खळखळत आले.

शिष्या मात्र घरी गेली नव्हती. सुभेदारांचा काय भरवसा, उद्या पाटी वितळवून दुसरेच काही ओतायला सांगतील! ती नव्या साच्याची माती मळत बसली होती, आणि हा साचा ती पुरता भाजणार होती.