माणसाला लागणारा प्रत्यय

एकदा एक प्राध्यापक जर्मनीतल्या सिंती लोकांच्या वस्तीत आला. सिंतींचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून तिकडे गेले. पाण्याला ते अजूनही 'पानी' म्हणतात. त्या वस्तीतला एक वृद्ध आपल्या नातीला ही रोमानी भाषा नीट शिकवत असे. प्राध्यापकाला ती लिहून न्यायची होती.

"आजोबा, तुमच्या भाषेला व्याकरण आहे का हो?" त्याने विचारले.

"कसलं व्याकरण? तोंडाला येईल ते बोलतो," बटाटे सोलता सोलता वृद्ध म्हणाला.

"वाटलंच होतं मला." प्राध्यापक हसून निघून गेला.

नात संतापली. आजोबांना सिंती मुले 'पापो' म्हणतात. "पापो, खोटं का बोललात? शाळेत मला चिडवतात, 'तुमची भाषा म्हणजे उचललेल्या शब्दांचं गाठोडं!' मीच जाते त्याच्यामागे. सगळे प्रत्यय सांगून येते."

"जा. पण आधी सांग, आपल्या भाषेत 'त्यांनी पेटी नेली' म्हणताना पेटीला प्रत्यय लागतो?"

"नाही."

"आणि 'माणसाला नेलं' म्हणताना?"

"लागतो. मनुश नाही, मनुशेस. जिवंत आहे ना तो!"

मराठीतही आपण असेच बोलतो.

वृद्धाने सुरी खाली ठेवली. "मी तुझ्याएवढा होतो, तेव्हा नाझींचं राज्य होतं. एक गोड बोलणारी बाई आली. आमच्यात जेवली, आमची भाषा शिकली. कोण कुणाचा भाऊ, कोण कुठे राहतं, हे आम्हीच तिला हौसेनं सांगितलं. मग तिच्याच याद्या घेऊन, आम्हाला छळछावणीत न्यायला गाड्या आल्या. दाराबाहेरून कुणीतरी आमच्याच भाषेत हाक मारली. आपलंच माणूस आलं, म्हणून आईनं दार उघडलं. त्यांना आमचा एकेक प्रत्यय येत होता, पोरी. आणि आईला त्यांनी पेटीसारखं नेलं."

नातीने सुरी उचलून उरलेला बटाटा सोलायला घेतला. मग म्हणाली, "तरी 'व्याकरण नाही' असं मी म्हणणार नाही, पापो. कुणी विचारलं तर सांगेन, आहे. आमचं आहे. तुम्हाला मिळणार नाही."

"मी भ्यालो होतो," वृद्ध हळूच म्हणाला. "तुझंच उत्तर बरोबर."

ज्यांचे एवढे नेले गेले, त्यांच्या 'नाही'चा तरी आपण मान राखावा.