चाकाभोवतीची जागा

एकदा एका वस्तादांच्या गॅरेजात एक स्पोर्ट्स कार शर्यतीसाठी तयार होत होती. वस्ताद कोल्हापूरचे, वयोवृद्ध, मोजके बोलणारे. गाडी एका गूळ व्यापारी शेठची. घाट चढण्याच्या शर्यतीत ती वस्तादांचा शिष्य धैर्यशील चालवणार होता. शेठने त्याला बजावले होते, "पहिला आलास तर गाडी तुझ्याच हाती राहील. नाहीतर मी पुण्याचा ड्रायव्हर आणतो."

धैर्यशीलने जीव ओतला. स्प्रिंगा आवळून गाडी खाली बसवली. मग रुंद चाके आणि रुंद टायर चढवले. टायर व मडगार्ड यांच्या फटीतून बोट फिरवून पाहिले. बोट कुठे अडले नाही. काम झाले, असे त्याने मानले.

वस्तादांनी गाडी पाहिली. मडगार्डांना आतून ओला गेरू फासला, वाळू दिला आणि शेजारच्या तालमीतले तीन पैलवान बोलावले.

"बसा आत."

एक पैलवान म्हणाला, "शिरतो वस्ताद. पण निघताना दार गळ्यात घेऊन निघू."

धैर्यशील चिडला. "शर्यतीची गाडी आहे ही. माणसं कोंबायला वडापची जीप समजलात का?"

"चालव. फाटकापाशी गतिरोधक आहे. त्याच्यावरून पुरं वळण घे."

गाडी वळली, दबली, आणि खर्रकन आवाज आला. धैर्यशीलने उतरून पाहिले. नव्या टायरच्या कडा गेरूने लाल झाल्या होत्या. एका जागी रबर सोलले होते.

तो खाली मान घालून म्हणाला, "जुने टायर चढवतो."

"का?" वस्ताद म्हणाले. "टायर बरोबर आहेत. घाटात तेच धरून ठेवतील. चुकलं ते तुझं मोजणं. तू गाडी उभी असताना बोट फिरवलंस. उभ्या गाडीचं चाक कशालाच घासत नाही. वळणावर सगळा भार एका बाजूला येतो, तेव्हा किती जागा उरते ते बघायचं. मोठं चाक घेतलंस ना? मग त्याला जागा कर."

शिष्याने मडगार्डाची आतली कड ठोकून वर दुमडली. स्प्रिंगा सैल करून गाडी बोटभर उचलली. शेठ बघून म्हणाले, "रुबाब गेला हिचा." धैर्यशीलने ऐकून घेतले. वस्तादांनी आतून पुन्हा गेरू फासला.

शर्यतीच्या दिवशी त्याच्या आधी सुटलेली गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली होती. लोकांनी तिलाच शिट्ट्या मारल्या. शेवटच्या अवघड वळणावर तिच्या चाकातून धूर निघाला आणि तिच्या ड्रायव्हरला वेग सोडावा लागला. त्याच वळणावर धैर्यशीलने पाय दाबूनच ठेवला. गाडी एका अंगावर झुकली, दबली आणि सरळ वर निघाली. सर्वांत कमी वेळ त्याचाच लागला. पैलवानांनी त्याला खिडकीतूनच ओढून खांद्यावर घेतले. शेठने गाडीची किल्ली सगळ्यांदेखत त्याच्या खिशात घातली.

गर्दी पांगल्यावर धैर्यशीलने वाकून मडगार्डात हात घातला. गेरू जसाच्या तसा होता. त्याने मागे पाहिले. वस्ताद उभे होते.

मोठे काही अंगावर घेणाऱ्याने भार पडल्यावर आपली किती जागा उरते ते आधीच मोजावे.