मागच्या चाकामागचा चष्मा

मी शिकवलेल्या माणसाची गाडी चढाला कधी मागे आलेली नाही.

आता, आजवर मी कोणाला शिकवलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी. प्रणाली पहिलीच.

“आबा, क्लचवरचा पाय नेमका कधी सोडायचा?” चढाच्या मध्यावर गाडी थांबवून तिनं विचारलं.

“वेळ झाली की.”

“वेळ झाली हे कळतं कसं?”

“सोडल्यावर कळतं.”

असं बोललं की माणूस ज्ञानी वाटतो. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं मास्तरच कंटाळले.

प्रणाली आमच्या शेजारची, एकोणीस वर्षांची. लायसन हातात, नाक आभाळात. शाळेच्या पटांगणावर गाडी अशी फिरवायची, जशी परातीत भाकरी. पण आमची वाडी डोंगराच्या माथ्यावर, आणि तिथं जायला म्हसोबाचा चढ हा एकच रस्ता. वाडीत गाडीही एकच, माझी. अन् माझ्या डोळ्यांची तऱ्हा अशी, की मागच्या महिन्यात एका म्हशीला सरपंच समजून मी रामराम घातला. म्हशीनं मान हलवली, तेवढी तिची माणुसकी.

डॉक्टर म्हणाले, “आता स्टेअरिंग सोडा.”

इकडं प्रणालीच्या वहिनीला आठवा महिना लागलेला. रात्री-अपरात्री तिला दवाखान्यात न्यायचं कोणी? तेव्हा मीच पारावर सगळ्यांदेखत बोलून बसलो: ज्या दिवशी प्रणाली म्हसोबाच्या चढावर मध्येच थांबून, मागं न येता गाडी वर नेईल, त्या दिवशी किल्ली तिची.

बोललो खरा...

तिनं पाय सोडला. गाडी मागं घसरली. तिनं करकचून ब्रेक दाबला.

रस्त्याकडेच्या मोरीवर बसलेला वाडीतला पिराजी ओरडला, “प्रणे, वाडी वर आहे गं! खाली नाही!”

तिचे डोळे भरून आले. “आबा, वहिनी गाडीत असताना असं झालं तर?”



मी हँडब्रेक ओढला. खाली उतरलो. नाकावरचा चष्मा काढला, मागं गेलो, वाकलो, आणि मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर चष्मा ठेवून आलो.

“आबा, हे काय?”

“चष्मा फुटला, तर मला घर दिसणार नाही. मग गाडी तुलाच न्यावी लागेल.”

“आणि नाही फुटला तर?”

“तरी तूच नेणार आहेस.”



मी शेजारी बसलो. “खाली बघायचं नाही. नजर समोर. पाय हळू उचल. इंजिनाचा आवाज जड झाला, बोनेट जरा उचललं, की समज गाडीनं रस्ता धरला. मग हँडब्रेक खाली घे. धरायला कोणालाही येतं, पोरी. सोडायला शिकावं लागतं.”

हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते दोनदा म्हटलं.

आवाज जड झाला. बोनेट उचललं. तिनं हँडब्रेक खाली घेतला, हात स्टेअरिंगवर ठेवला.

गाडी थरथरली... आणि बंद पडली.

पुन्हा केलं. पुन्हा बंद.

तिसऱ्या वेळी तिनं माझं ऐकलं नाही. खाली बघितलं.

तिनं खाली घेतलेला हँडब्रेक मी हळूच दोन दाते वर ओढून धरला होता.

“आबा...”

“सवय गं.”

“चष्म्याची भीती वाटते?”



ती रागावली नाही. झोपलेलं मांजर उचलावं तसा तिनं माझा हात उचलला आणि माझ्याच मांडीवर ठेवला.

आवाज जड झाला. बोनेट उचललं. हँडब्रेक खाली गेला. एक क्षण गाडी ना पुढं, ना मागं. पिराजीचंसुद्धा तोंड मिटलेलं.

मग गाडी निघाली.

माथ्यावर पोचल्यावर तिनं गाडी उभी केली आणि मला न विचारता हँडब्रेक ओढला. मी वाकून किल्ली काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली, वरून बटण लावलं. चाळीस वर्षं हात हेच करत आलाय, त्याला कोण समजावणार?

ती पळत खाली गेली आणि चष्मा घेऊन आली. वर येताना मध्येच थबकली. चष्मा उजेडात धरला. त्यातून बोट आरपार घातलं.

“आबा, ह्याला काचाच नाहीत!”

“कधीच नव्हत्या! नातवाच्या नाटकातला आहे तो. खरा माझ्या खिशात.” मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. तेही खरं.

ती हसली नाही.

“म्हणजे फुटण्यासारखं तिथं काहीच नव्हतं.”

“काहीच नव्हतं.”

“मग हँडब्रेक कशासाठी धरून बसला होता?”

वारा होता. मी वाऱ्याकडं तोंड केलं...

“तू पास झालीस, प्रणे,” मी म्हटलं.

तिनं हात पुढं केला.

“मग खिशाचं बटण उघडा, आबा.”